पदाजीमामा आणि बास गिटारचं पिक

पदाजीमामाने भरमांडवात माझं पिक गिळलं आणि त्यामुळे प्रणिताचं लग्न सुरळीत पार पडलं.

तसं काही झालेलं नाही. आपण सुरुवातीपासून घेऊ.

“कोलंबी धरलीस का कधी? जित्ती?” आमच्या बेंजो पार्टीच्या रोहिदासदादाने मला विचारलं.

“नाही.”

“आगरी हायस ना तू?”

“आहे. पण पनवेलला कॉलनीत. आमच्याकडे कोलंबी साफ होऊन येते.”

दादाने बेंजो मांडीवर ठेवला आणि आकाशाकडे पाहिलं. आकाश नव्हतं, मांडवाचं कापड होतं. ते बघून तो परत खाली आला. “मंग नुसता ऐक. कोलंबी दाबली का फुटते, सैल सोडली का जाते. पिक तसा धरायचा. कोनी मागितला तर देता आला पाहिजे.”

“म्हणजे नक्की किती घट्ट?”

“ते कोलंबीच सांगते.”

मी हातातल्या पिककडे पाहिलं. हिरव्या प्लास्टिकचा तिकोनी तुकडा, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा. घामाने सटकू नये म्हणून मी त्याला तापल्या सुईने दोन भोकं पाडली होती. तेव्हापासून ते डुकराच्या नाकासारखं दिसायचं. ते काही सांगेना.

तसं बेंजो पार्टीत बास गिटारचं काही काम नसतं. आमच्यात होती, कारण दादाचा चुलतभाऊ जहाजावर नोकरीला होता. सुट्टीवर येताना तो गिटार घेऊन आला आणि जाताना ‘बोटीवर ठेवायला जागा नाय’ म्हणून दादाकडे टाकून गेला. ती बोट, दादाच्याच सांगण्याप्रमाणे, अकरा मजली होती. आता गिटार आहे म्हटल्यावर वाजवणारा हवा. गॅदरिंगमध्ये मी गिटार घेऊन उभा असल्याचा फोटो दादाने कुठेतरी पाहिला होता. फोटोत आवाज नसतो.

बोटांनी वाजवली तर ढोलकीखाली ती ऐकूच यायची नाही, म्हणून पिकने वाजवायची. पहिल्या कार्यक्रमात मी पिक सैल धरलं, ते उडून वरणाच्या टोपात गेलं. ‘घट्ट धर,’ दादा म्हणाला. दुसऱ्या कार्यक्रमात मी घट्ट धरलं. अर्ध्या गाण्यात हाताला असा पेटका आला की बोटं आखडून जागच्या जागी राहिली आणि गाणं तुटलं. मला झटका आला असं वाटून एका म्हातारीने मला कांदा हुंगवला. ‘सैल धर,’ दादा म्हणाला.

आता हा तिसरा. पेणजवळच्या एका गावात प्रणिताची हळद होती. दहाला स्पीकर बंद करावे लागतात म्हणून गावाने हळद दुपारी चारलाच लावायची असं ठरवलं होतं.

“केत्या, आज गाना तुज्यामुले तुटला,” दादा म्हणाला, “तर गिटार पिशवीन आनि तू खुळखुळ्यावर.”

खुळखुळा ही शिक्षा नव्हे, ती कायमची ओळख असते. आमच्या आधीच्या खुळखुळेवाल्याचं खरं नाव त्याच्या लग्नातच सगळ्यांना पहिल्यांदा कळलं. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मला आयुष्यात बास गिटार वाजवण्याखेरीज काहीही करायचं नव्हतं आणि नेमकं तेच मला येत नव्हतं.

दोन गाणी बरी गेली. तिसऱ्याला मांडवात एकदम वाट मोकळी झाली आणि पदाजीमामा नाचायला उतरला.

पदाजीमामा म्हणजे नवरीचा सख्खा मामा, नवरीच्या आईचा, सुगंधाकाकींचा, एकुलता भाऊ. उंच, रुंद, पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल. चेहरा असा की थंड पाण्याने आंघोळ करायला कोणी उभं केलंय. या गावचा दंडक होता: हळदीत नवरीचा मामा नाचायला उतरला की तो आपणहून थांबेपर्यंत गाणं तोडायचं नाही. तोडलं तर मामाचा अपमान. दादाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी कोलंबी आठवली.

मामा नाचू लागला. एक हात कमरेवर, एक हात वर, आणि नजर थेट माझ्यावर. हसणं नाही, काही नाही. अधूनमधून तोंड पूर्ण उघडून “हुय्या!” करायचा, तेही रागाने.

गाणं एकदा फिरलं, दोनदा फिरलं. मग दादाने त्याला दुसरं गाणं जोडलं, त्याला पुन्हा पहिलं. मामा नाचतोच आहे.

अंगठ्याच्या मुळाशी पहिली कळ आली.

“मामा थांबत का नाही?” मी शेजारच्या जयदासला विचारलं. जयदास ढोलकी वाजवायचा. वाजवताना तो जेवूही शकायचा.

“थांबला तर जाईल ना!”

“कुठे?”

“घरी. शपथ घेतलेय त्यानं. बोलला, या मांडवान पान्याचा थेंब घेनार नाय. भाचीसाठी एक गाना नाचीन, गाना संपला का निंगालो.”

“आणि लग्न?”

“तेच तर! उद्या नवरीला बोहल्यावर आनायला मामा पायजे. हा एकच हाय.”

“पण झालं काय?”

जयदासने ढोलकी न सोडता हनुवटीने मागे खूण केली. “फ्लेक्स.”

आमच्या पाठीमागे फ्लेक्स होता, मांडवाच्या रुंदीचा. मध्ये प्रणिता, भोवती शुभेच्छुक. मी वाजवता वाजवता मान वळवली. वरच्या कोपऱ्यात पदाजीमामा होता. फोटो कुठल्यातरी घोळक्यातून कापलेला दिसत होता, कारण मामाच्या खांद्यावर एक हात होता. हाताला माणूस नव्हता. मनगटाच्या पुढे सरळ आकाश सुरू होत होतं, आणि आकाशात कबुतरं.

“सकाली वेशीवर लावलेला असाच फ्लेक्स बगून पोरं बोलली, मामाला कोनीतरी धरून उभा केलाय,” जयदास म्हणाला. “मामा तर दारूच्या वासाला पन उभा रहात नाय. त्याला वाटला, भावजीनं, नवरीच्या बापानं, मुद्दाम करवला.”

“मुद्दाम कोण असं करेल?”

“भावजी कलर पन मुद्दाम लावत नाय घराला. पन मामाला कोन सांगनार?”

तेवढ्यात सुगंधाकाकी हळदीचं ताट घेऊन स्टेजजवळून गेल्या. आमच्याकडे न बघता, ओठ न हलवता त्या म्हणाल्या, “रोहिदास, गाना तोडू नको रं. दमंल, तहान लागंल त्याला. एक घोट पानी पिला ना, का मी बगतंय त्याचं.”

“मामा थांबला तर मी काय करू, काकी?” दादाने विचारलं.

“तो नाय थांबनार. गाना चालू असताना मामा थांबला तर वाजवनाऱ्यांचा अपमान.”

हे मी नीट समजून घेण्याचा प्रयत्न केला. मामा थांबेपर्यंत आम्ही थांबायचं नाही. आम्ही थांबेपर्यंत मामा थांबणार नाही. दोन्ही बाजूंना एकमेकांचा भयंकर मान. या हिशेबाने प्रणिताचं लग्न माझ्या अंगठ्यावर येऊन थांबलं होतं आणि अंगठा आता हळूहळू लाकडाचा होत होता.

कळ मनगटात आली. मग कोपरापर्यंत.

“दादा,” मी म्हणालो, “पेटका येतोय.”

“मनगटातनं हलव! दंडातनं जोर कशाला लावतंस? तांदूल कांडतंस का?”

मी मनगटातून हलवू लागलो. थोडं बरं वाटलं. मग मामाने माझ्याकडे बघून पुन्हा “हुय्या!” केलं आणि घाबरून मी पिक दाबलं.

“खांदा पाड!” दादा. “खांदा कानान घालशील!”

खांदा पाडला.

“श्वास घे!”

श्वास घ्यायचा राहिलाच होता. घेतला. त्यात सगळी हळद आली आणि मी शिंकलो. गाणं तुटलं नाही. मला त्या शिंकेचा आजही अभिमान आहे.

मामाच्या सदऱ्याला घामाने अंगाचा आकार आला होता. एक काकू पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्या वाटेत नाचत राहिली. मामा तिला वळसा घालून नाचला. भावजी सरबताचा पेला घेऊन आला. मामाने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि पाठीने नाचला. पण प्रत्येक फेरीनंतर त्याची नजर परत माझ्यावर यायची. आता ती रागाची वाटत नव्हती. कसली वाटत होती ते कळत नव्हतं. डोळे बारीक करून, मान वाकडी करून तो बघायचा, जसं काही माझ्या कानामागे कोणीतरी उभं आहे. एकदा तर तो नाचतच स्टेजच्या अगदी कडेला आला, वर बघितलं आणि त्याचा वर केलेला हात खाली आला. मला वाटलं, थांबला. पण त्याने डोळे पुसले. घाम असेल.

“याला माझी काही अडचण आहे का?” मी जयदासला विचारलं.

“तुजी कोनाला नसते?” जयदास म्हणाला.

मग माझा हात गेला. म्हणजे जागेवरच होता, पण माझा नव्हता. अंगठा आणि पहिलं बोट चिंबोरीच्या नांगीसारखी एकमेकांवर मिटली. कोपरापासून बोटांपर्यंत कोणीतरी दोर पिळत होतं. पुढच्या तीन-चार ठोक्यांत गाणं तुटणार होतं. मामा टॉवेल झटकून निघणार होता. सकाळी नवरीला बोहल्यावर आणायला कोणी असणार नव्हतं आणि माझ्या हातात जन्मभराचा खुळखुळा येणार होता.

डोळे मिटले. मनात म्हटलं: कोलंबी. जिवंत आहे. कोणीतरी मागतंय. देता आली पाहिजे.

आणि हात सुटला.

काय सांगू! दोर उलगडला. तारेवर पिक असं फिरायला लागलं की जणू ते मला वाजवतंय. दादाने चमकून माझ्याकडे पाहिलं. बासचा आवाज पहिल्यांदा मांडवाच्या खांबांपर्यंत गेला. हेच ते! एवढंच होतं! माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुंदर क्षण होता, आणि तो क्षणभरच टिकला, कारण मी इतका सैल झालो की पिक गेलं.

मी ते जाताना पाहिलं. हिरवं, गरगरत, स्टेजवरून पुढे. मामा समोर, डोकं मागे टाकलेलं, तोंड पूर्ण उघडं.

“हुय्—”

मामा थांबला.

मामा थांबला म्हणून दादा थांबला. दादा थांबला म्हणून सगळे थांबले. मांडवात फक्त जनरेटरचा आवाज राहिला. मामाने एक हात गळ्यावर ठेवला, एक पोटावर. तोंड मिटलेलं. त्याने आवंढा गिळला, सगळ्यांना दिसेल असा.

“काय झाला, दादूस?” सुगंधाकाकी ताट टाकून धावल्या.

मामाने माझ्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या पोटाकडे. “गिल्ला,” तो म्हणाला.

“काय?”

“त्याचा यो. प्लास्टिकचा.”

एवढा गोंधळ मी नंतर कुठल्याच हळदीत पाहिला नाही. कोणी म्हणालं उलटं करा. चौघांनी मामाला उलटं करायचा प्रयत्न केला. चौघं उलटी झाली. पाहुण्यांत एक डॉक्टर होते. त्यांनी मामाचा घसा पाहिला, पोट चाचपलं, श्वास ऐकला आणि म्हणाले, “घाबरायचं कारण नाही. येईल दोन-तीन दिवसांत बाहेर. पण लक्ष ठेवा, एकटं सोडू नका.”

“मंग यो घरी कसा जानार?” भावजीने विचारलं.

“कशाला जायला हवंय?” डॉक्टर म्हणाले. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

“केली घाला खायला!” मागून एक म्हातारी ओरडली. ही कांदेवालीच असावी. “नाणं गिललं का केली घालतात!”

सुगंधाकाकींनी पूजेच्या केळ्यांची फणी उचलली. एक सोललं. मामाच्या तोंडापुढे धरलं.

मामा त्या केळ्याकडे बघत राहिला. “मी बोललो व्हतो, या मांडवान...”

“हा खाना नाय,” काकी म्हणाल्या. “ओशद हाय.”

मामाने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. “ओशद असंल,” तो म्हणाला, “तर नाय बोलता येत नाय.”

त्याने केळं खाल्लं. काकींनी दुसरं सोललं. फणी संपली. मग कोणीतरी म्हणालं, केळी आत अडकतात, वरून भाकरी पाहिजे. मामाने औषध म्हणून भाकरी घेतली. भाकरी कोरडी जाईना म्हणून औषध म्हणून रस्सा घेतला. रश्शात मटण होतं, ते काढून टाकणं औषधाच्या दृष्टीने बरोबर नव्हतं. शेवटी औषध म्हणून तांब्याभर पाणी. काकी पदराने त्याचं तोंड पुसत होत्या आणि रडत होत्या आणि त्याला शिव्या घालत होत्या, तिन्ही एकदम.

मी स्टेजवरच होतो. पिक गेल्यावर पेटका परत आला होता. अंगठा आणि बोट चिमटीत मिटलेली, हात पुढे. एका काकांनी जाता जाता त्या चिमटीत अक्षता दिल्या. मग कोणीतरी मला ओढत नेलं आणि मी प्रणिताला हळद लावली. त्या चिमटीतून हळद फार व्यवस्थित लागते, असं नंतर बायका म्हणाल्याचं कळलं.

परतताना टेम्पोत मी विचारलं, “दादा, मी खुळखुळ्यावर?”

दादाने उलट विचारलं, “गाना कोनामुले थांबला?”

“मामा थांबला म्हणून.”

“मंग झाला. कायद्यानं तू सुटलास.” मग थोड्या वेळाने म्हणाला, “मागितला तर देता आला पाहिजे, बोललो व्हतो. न मागता कशाला दिलास?”

दुसऱ्या दिवशी प्रणिताला पदाजीमामानेच बोहल्यावर आणलं. मामा तीन दिवस बहिणीच्या घरी देखरेखीखाली राहिला. तिसऱ्या दिवशी सुगंधाकाकींनी दादाला फोन करून कळवलं, “निंगाला बाहेर. मी माज्या डोल्यांनी बगितला. फेकून दिला.” मी नवीन पिक घेतलं. विषय संपला.

आठ-नऊ वर्षं गेली. मी अजून वाजवतो. हात आखडत नाही. गेल्या वर्षी पदाजीमामाच्या धाकट्या मुलाची हळद होती, बोलावणं आमच्याच पार्टीला. सामान लावून झाल्यावर मामा मला ओटीवर घेऊन बसला. आता केस पांढरे, बाकी तसाच. पानाचा डबा काढला. पान मांडीवर पुसलं, चुन्याची डबी उघडली आणि एका हिरव्या तिकोनी तुकड्याने पानाला चुना लावू लागला.

तुकड्याला दोन भोकं होती. डुकराचं नाक.

मी बघत राहिलो. मामाही मी बघतोय हे बघत राहिला. चुना मात्र अगदी एकसारखा लागत होता.

“मामा,” मी म्हणालो, “हे गिळलं होतं ना तुम्ही?”

“गिल्ला ना.”

“मग...”

“दाताला येऊन लागला. टच्चकन. जिभेखाली धरला. केली खायच्या आदी टॉवेलान घेतला.”

“मग गिळलं का म्हणालात?”

“तुमचा गाना संपत नव्हता रं,” मामा वैतागून म्हणाला. “आनि संपला असता तर जावा लागला असता.”

“तुम्हालाच जायचं होतं ना?”

मामाने पान दुमडलं. आत बायका हळदीची गाणी म्हणत होत्या.

“नाचताना समोर काय व्हता माज्या?”

“मी होतो. तुम्ही सारखे माझ्याकडे बघत होता.”

“तुला कोन बगतंय!” मामा म्हणाला. “तुज्या मागं फ्लेक्स व्हता. सकाली रागानं नीट बगितलाच नाय. नाचता नाचता दिसला. त्या हातान एक बांगडी. पिचलेली, वरून तारेनं बांदलेली. आमच्या आयची बांगडी ती. सुगंधाच्या हातानच असते.” त्याने पान तोंडात टाकलं. “तिचा हात व्हता रं. फोटो काढताना तिनंच ठेवला व्हता. त्या छपाईवाल्यानं तिला कापला नि हात ऱ्हायला.”

मामाने बोटांचा चुना ओटीला पुसला.

“आता मरदानं शपथ घेतलेली. जाऊ कसा? ऱ्हाऊ कसा? तेवढ्यात तुजा यो आला तोंडान.”

“पण सुगंधाकाकी म्हणाल्या, निघालं. डोळ्यांनी बघितलं. फेकून दिलं.”

मामाने चघळणं थांबवलं. ही गोष्ट त्याला नवी होती, हे स्पष्ट दिसलं. त्याने हातातल्या पिककडे पाहिलं, आतल्या दाराकडे पाहिलं, तिथे सुगंधाकाकी नवरदेवाच्या आईला हळद कालवायला मदत करत होत्या. मनगटात तारेची बांगडी.

“ती बोलली निंगाला?”

“हो.”

“मंग निंगाला असंल,” मामा म्हणाला, आणि पिक पुसून डबीत ठेवून त्याने झाकण लावलं.

त्यामुळे मला आता काहीच समजत नाही. कोणी कोणाला फसवलं, कोणाला माहीत होतं, आणि माझं पिक अधिकृतरीत्या नक्की कुठे आहे, हे तीन प्रश्न मी रोहिदासदादासमोर ठेवले. तो म्हणाला, लेखी दे. म्हणून:

प्रति, श्री. पदाजीमामा यांस. विषय: हिरवे पिक (दोन भोकांचे) परत मिळणेबाबत. महोदय, वरील वस्तू आपण सर्वांसमक्ष गिळली असून ती आपल्या भगिनींच्या साक्षीने बाहेर येऊन नष्टही झालेली आहे. तरी अर्जदाराची नम्र विनंती, की सदर वस्तू आपल्या चुन्याच्या डबीतून काढून, आपली शपथ, आपला मान व आपल्या भगिनींचा शब्द यांस कोणतीही बाधा न आणता, मूळ मालकास परत करण्यात यावी. कळावे, आपला विश्वासू, केतन (बास).